फादरचं पाणी

फादर सायमन भित्रे होते. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही. शाळेत रुजू झाले त्या दिवशी प्रार्थनेनंतर सिस्टर मोनिकांनी त्यांची ओळख करून दिली, माईक हातात दिला, आणि सगळ्या शाळेसमोर ते म्हणाले, "मी सायमन. वसईचा, सपाट जमिनीवरचा माणूस. तुमच्या या डोंगरांची मला फार भीती वाटते. सापांची त्याहून जास्त. तेव्हा मला सांभाळून घ्या." मुलं खदखदून हसली. आम्ही शिक्षकही हसलो. सिस्टर मोनिका तेवढ्या हसल्या नाहीत. त्या मुख्याध्यापिका, आणि चॅप्लिनने, म्हणजे शाळेच्या धर्मगुरूने, पहिल्याच दिवशी असं काही बोलायचं नसतं, असं त्यांचं मत त्यांच्या चेहऱ्यावर सगळ्यांना वाचता येत होतं.

आमची कॉन्व्हेंट शाळा महाड आणि पोलादपूरच्या मधे, हायवे सोडून आत, नदीच्या पलीकडच्या अंगाला. तिथे मी विज्ञान शिकवते. शाळेतली कॅथलिक मुलं इनमिन अकरा. बाकी सगळी आजूबाजूच्या वाड्यांवरची, कुणबी-मराठ्यांची आणि बौद्धवाडीतली. त्यामुळे शाळेला चॅप्लिन कशाला लागतो हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. सकाळी चॅपलमध्ये सिस्टरांसाठी आणि त्या अकरांसाठी मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, आठवड्यातून एकदा प्रत्येक वर्गावर मूल्यशिक्षणाचा तास, आणि उरलेला दिवस चॅपलला लागून असलेल्या खोलीत बसून राहायचं. एकदा मी विचारलंच, "फादर, तुमचं काम काय हो नक्की?"

"दार उघडं ठेवायचं," ते म्हणाले, "आणि उघड्या दारातून साप आत येत नाही ना, ते बघत बसायचं."

हे अर्धं थट्टेत होतं, अर्धं अगदी खरं. आषाढापासून दिवाळीपर्यंत त्यांच्या पांढऱ्या झग्याखाली काळे गमबूट असत. हातात काठी. वर्गातून खोलीत जायला वीस पावलं, पण तीही जमीन ठोकत ठोकत जायची. भर दुपारी टॉर्च घेऊन ते बाकाखाली वाकून बघत. मिस्साच्या आधी वेदीवरचं कापड दोन बोटांनी उचलून झटकत, आणि झटकताना मान अशी मागे घेत की पुढच्या रांगेतल्या सिस्टरांना हसू आवरत नसे. अंगाने आडवे, पन्नाशीचे, डोक्यावर टक्कल, आणि आवाज मात्र कीर्तनकाराला शोभेल असा. त्या आवाजात "अरे देवा, ते काय हललं?" असं ऐकू आलं की आठवीच्या वर्गाचं गणित पाच मिनिटं थांबायचं.

पण मुलं जायची त्यांच्याकडेच. परीक्षेआधी पोटात गोळा आलेली, घरी बाप पिऊन येणारी, मैत्रिणीने बोलणं टाकलेली. सगळी "फादर, पोटात दुखतं" असं सांगून त्या खोलीतल्या बाकावर येऊन बसत. फादर लिंबूपाणी देत आणि एकच प्रश्न विचारत, "किती घाबरलायस? हाताने दाखव." मूल दोन हात पसरून दाखवी. मग तेही आपले हात पसरत, बहुतेक वेळा मुलापेक्षा जास्त. "बघ, माझी मोठी आहे. वीतभर भीती बरी असते, माणूस रस्ता बघून ओलांडतो. हातभर झाली की मला सांगायला यायचं." मूल त्यांच्या लांब पसरलेल्या हातांकडे बघत लिंबूपाणी संपवायचं आणि वर्गात परत यायचं. मोठी माणसं मुलांना घाबरू नको, घाबरू नको म्हणत राहतात. असं न म्हणणारा मोठा माणूस मी तरी तेवढाच पाहिला.

आता पाण्याचं सांगते. त्यात माझाही हात आहे, म्हणून ते सांगायला जड जातं.

आमच्या भागात इंचू-किरडू, म्हणजे विंचू-साप, चावलं की पूर्वी लोक भगताकडे जात. भगत मंत्र म्हणून पाणी मारायचा. त्याचा एक नियम होता: पाणी मारेपर्यंत चावलेल्या माणसाला वाहतं पाणी ओलांडू द्यायचं नाही, ओलांडलं की विष चढतं. सरकारी दवाखाना महाडला, आणि महाडला जायचं तर नदीवरचा पूल ओलांडायलाच हवा. या एका नियमापायी किती माणसं पुलाच्या अलीकडेच राहिली असतील ते देव जाणे. फादर आले त्याच्या आदल्या वर्षी म्हातारा भगत वारला. मुलगे मुंबईला. मंत्र कोणी घेतला नाही. थोडक्यात, जागा रिकामी होती.

आमच्या शाळेचा वॉचमन बाळाराम. त्याची बायको पार्वती चॅपलमागच्या खोपीत गोवऱ्या काढायला गेली आणि तिला विंचू चावला, तो लाल, लहान, वाईट. तिची किंकाळी ऐकून सगळ्यांत आधी धावले ते फादर, गमबुटांसकट. बाई घामाने निथळत होती, शुद्ध हरपत चालली होती. तोंडावर मारायला पाणी हवं, म्हणून त्यांनी हाताला आलं ते भांडं उचललं. ते होतं चॅपलच्या दाराशी ठेवलेलं पवित्र पाण्याचं, आत जाताना बोट बुडवून क्रूस करतात ते. फादर स्वतःच एवढे भ्याले होते की पाणी मारता मारता मोठ्याने प्रार्थना म्हणू लागले, आणि सवयीने हवेत क्रूसही काढला. पार्वतीने डोळे उघडले. मग शाळेच्या जीपमधून तिला महाडला नेलं, दोन दिवस सलाईन, गोळ्या, डॉक्टरांची धावपळ, आणि ती बरी होऊन घरी आली.

ही हकीगत मी स्टाफरूममध्ये सांगितली. एसटीत सांगितली. माझ्या माहेरी, महाडच्या बाजारपेठेत सांगितली. आणि सांगताना दर वेळी मी ती फादरच्या पाण्यापाशी, पार्वतीने डोळे उघडले तिथे संपवत होते. दवाखान्याचे दोन दिवस सांगायला कंटाळवाणे होते, ऐकणाऱ्याचं लक्ष जायचं. मला कुठे ठाऊक होतं, ऐकणारे तेवढंच घेऊन घरी जात होते ते.

पंधरा दिवसांत गेटवर माणसं येऊ लागली. कोणाला गांधीलमाशी चावलेली, कोणाला काटा लागून पाय सुजलेला, कोणाच्या म्हशीला काय झालंय ते कळत नाही. "फादर, जरा पानी मारा." फादर आधी हसले. मग समजावलं. मग एका दुपारी वरच्या वाडीतला एक म्हातारा पाय धरून आला, घोट्याशी दातांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या, आणि म्हणाला की सकाळीच चावलंय, पण फादरचा तास चालू आहे असं बाळारामने सांगितलं म्हणून झाडाखाली बसून राहिलो. सकाळपासून! त्याला मिळेल त्या रिक्षाने महाडला पोचवलं, साप बिनविषारी निघाला, म्हातारा वाचला. पण त्या संध्याकाळी फादर माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"मोरे टीचर," ते म्हणाले, "तो माझ्यासाठी थांबला होता. विषारी असता तर माझ्या गेटवर मेला असता. मला साप शिकवा."

मग मी त्यांना साप शिकवले. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. तक्त्यावरच्या चित्रालाही ते बोट लावत नसत, काठीने दाखवत. मण्यारीपाशी फार वेळ थांबले. ती रात्री अंथरुणात शिरते, चावलेलं कळत नाही, खूण दिसत नाही, सकाळी नुसतं पोटात दुखतं आणि पापण्या जड होतात, हे मी सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले. "पोटात दुखतं?" त्यांनी दोनदा विचारलं. माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. त्यांच्या बाकावर रोज येणारी निम्मी मुलं तेच सांगत येत होती.

त्यानंतर मूल्यशिक्षणाच्या तासाला सत्य, अहिंसा, प्रामाणिकपणा सगळं मागे पडलं. पाचवीपासून दहावीपर्यंत एकच धडा. "चावलं तर कुठे जायचं?" फादर गरजायचे. "महाडला!" वर्ग ओरडायचा. "फादरकडे यायचं?" "नाय!" "फादरच्या पाण्यात काय आहे?" "पानी!" सिस्टर मोनिका एकदा दाराशी थांबून हे ऐकून गेल्या आणि काही बोलल्या नाहीत. चॅपलच्या दाराशी असलेलं ते भांडं फादरनी कोरडं करून पालथं घातलं तेव्हा मात्र बोलल्या. पवित्र पाण्याशिवाय चॅपल ही कुठली पद्धत? फादर म्हणाले, "सिस्टर, मी बिशपांना उत्तर देईन. एखाद्या आईला मला देता येणार नाही." भांडं पालथंच राहिलं. मग लोक चॅपलबाहेरच्या नळाचं पाणी बाटलीत भरून नेऊ लागले. तो नळही बंद केला. तेव्हा वाडीत असं ठरलं की ज्या अर्थी एवढं बंद करतायत, त्या अर्थी पाणी भारी असणार.

पोरं शाळेत एक शिकतात आणि घरी जाऊन दुसरं ऐकतात. आमच्याही घरी तेच होतं, तेव्हा मी कोणाला नावं ठेवणार?

भाताची कापणी चालू होती तेव्हाची गोष्ट. सकाळची प्रार्थना संपून वर्ग भरत होते. सहावीतली साक्षी उतेकर फादरच्या बाकावर जाऊन बसली. पोटात दुखतं म्हणाली. फादरनी लिंबूपाणी पुढे केलं, ते तिच्या हनुवटीवरून ओघळलं. गिळता येत नव्हतं. "साक्षी, माझ्याकडे बघ. डोळे मोठे कर." तिने भुवया वर नेल्या, कपाळाला आठ्या पडल्या, पण पापण्या उचलल्या गेल्या नाहीत.

मी फळ्यावर लिहीत होते. "मोरे टीचर!" अशी हाक आली. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. त्यात नेहमीची थट्टा नव्हती की काही नव्हतं. मी गेले, पोरीच्या डोळ्यांकडे बघितलं. तक्त्यावर मी शिकवलेलं सगळं समोर बाकावर बसलं होतं.

जीप काढली. सुरेश ड्रायव्हर, फादर पुढे, मी मागे, साक्षीचं डोकं माझ्या मांडीवर. गेटबाहेर तिचा बाप गणपत उतेकर मोटारसायकलला टेकून उभा दिसला. इतका वेळ हा इथे काय करतोय, असं मनात आलं, आणि तो जीपमध्ये चढता चढता रडायलाच लागला. पहाटे अंथरुणापाशी पट्ट्यापट्ट्यांचा साप दिसला होता. त्याने तो काठीने मारला. पोरीच्या अंगावर खूण नव्हती. मग तिचं पोट दुखायला लागलं.

"तवाच का नाय नेलंस रे महाडला?" मी त्याच्यावर ओरडले. माझ्या तोंडात माहेरची भाषा आली.

"पानी मारल्याबिगर पूल कसा ओलांडायचा, बाई?" तो म्हणाला. "आनि फादर सापाचं नाव काडलं की आयकत नाय. म्हनून तिला बोललो, नुसतं पोटात दुखतं सांग. फादर जवळ घेल, डोक्यावर हात ठेवल, तेवढ्यान काम होईल."

म्हणजे पोरीला बापाने खोटं बोलायला पाठवलं होतं, ते फादरनी पाण्याला नाही म्हणू नये म्हणून. आणि तिचं पोट तर खरंच दुखत होतं. फादरनी मागे वळून बघितलं नाही. त्यांनी सुरेशला हाताने वेग वाढवायची खूण केली.

पुलाच्या तोंडाशी सुरेशने गाडी थांबवली. गणपतने सांगितलं म्हणून नव्हे. त्याने आपणहून ब्रेक मारला.

"सुरेश, काय झालं?" फादर म्हणाले. "चल!"

"फादर, पानी मारा. दोन मिन्टं लागतील."

"सुरेश, तू दहावी पास आहेस. तुला मी स्वतः सांगितलंय. पाण्यात काही नाही!"

"तुमी सांगितलंव, मी आयकलं." सुरेशचे डोळे भरले होते. "पन माझ्या बापाला साप चावला तवा असाच ह्या पुलावरना नेला. बिनमंत्राचा. तो परत आला नाय, फादर. मी पोरीला घेऊन चाक टाकनार नाय पुलावर."

मागे गणपतने जीपचं दार उघडून एक पाय खाली टाकला होता. साक्षीचा श्वास मला मांडीवर लागत होता, आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं. मी ते मनात मोजायला लागले आणि मग मोजायचं थांबवलं, कारण मोजवेना. मला वाटलं, ही पोर आता इथेच, या पुलाच्या अलीकडे, माझ्या मांडीवर जाणार. मी किंचाळले, "फादर, मारा! काय ते पाणी मारा! मारा एकदाचं!"

फादरनी वर्षभर ज्याला नाही म्हटलं होतं त्याला होकार द्यायला त्यांना किती वेळ लागला? मला तो फार लांबल्यासारखा आठवतो, पण क्षणभरच असेल. "पाणी द्या," ते म्हणाले. माझ्या पर्समध्ये माझी स्टीलची बाटली होती. घरच्या फिल्टरचं पाणी. ती मी दिली. ते खाली उतरून मागच्या दाराशी आले. घाईत पहिलं पाणी त्यांच्याच झग्यावर सांडलं. मग साक्षीच्या कपाळावर थोडं शिंपडलं, क्रूस काढला, आणि त्या मोठ्या आवाजात, गणपतला आणि सुरेशला स्वच्छ ऐकू जाईल असं म्हणाले, "देवा, हिला वाचव." त्यानंतरचं फक्त मला ऐकू आलं. "आणि मला क्षमा कर. मला क्षमा कर."

सुरेशने गाडी अशी काढली की पूल कधी संपला कळलं नाही.

दवाखान्यात लगेच सापाच्या विषावरची लस सुरू झाली. श्वास थांबत आला तेव्हा डॉक्टरांनी घशात नळी घातली. चार दिवस पोर त्या नळीवर होती. चौथ्या दिवशी दुपारी तिने पापण्या उचलल्या. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर माझ्या हातात काही नव्हतं. गणपत उतेकर त्या डॉक्टरांच्या पाया पडला, आणि मग बाहेर येऊन फादरच्या पाया पडला, आणि फादरच्या पायाशी जास्त वेळ राहिला.

मी आनंदाने रडत होते. फादर दवाखान्याच्या पायरीवर बसले होते आणि त्यांचा चेहरा पुलावर होता तसाच होता.

"फादर, वाचली की हो!"

"वाचली," ते म्हणाले. "आता वाडीत काय सांगतील ठाऊक आहे? पाणी मारलं, पूल ओलांडला, पोर जगली. लस कोणी सांगणार नाही. तुम्ही पार्वतीची गोष्ट सांगितलीत तशीच." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं. "मोरे टीचर, पुढचं मूल माझी वाट बघत मरेल. मी महाडला गेलेलो असेन, आजारी असेन, मिस्सा चालू असेल, आणि ते गेटवर बसून राहील. ते कोणाचं असेल, एवढंच मला अजून माहीत नाही."

त्यांनी म्हटल्याप्रमाणेच झालं. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा फोटो फिरला, खाली हात जोडलेले आणि फुलं. लोक खाडीपट्ट्यातून, पार तुडीलकडून यायला लागले. फादरनी गेटवर उभं राहून हात जोडले, चिडले, एकदा तर ढसाढसा रडले. रडले तेव्हा लोक म्हणाले, किती मोठा माणूस, लोकांसाठी रडतो. शेवटी त्यांनी बिशपांना पत्र लिहिलं. मला इथून हलवा, मी इथे असेपर्यंत लोक पूल ओलांडणार नाहीत. उत्तर यायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत फादर गेटचं कडं वाजलं की दचकत, आणि बाळारामला ओरडून विचारत, "लहान आहे की मोठं?"

जायच्या आधी त्यांनी एक काम काढलं. कोणाकोणाच्या घरात त्या पाण्याच्या बाटल्या होत्या त्या गोळा करायच्या. मला म्हणाले, "तुम्ही चला. तुम्हाला लोक ओळखतात. आणि वाटेत गवत आहे." मी पुढे, फादर काठी ठोकत मागे, असं आम्ही तीन दिवस वाड्या फिरलो. बाटल्या निघाल्या त्या बहुतेक देव्हाऱ्यातून. कोल्ड्रिंकच्या, औषधाच्या, एक तर हळदीकुंकू लावलेली. फादर हात जोडून मागून घेत, झाडाच्या बुंध्याशी पाणी ओतत, आणि रिकामी बाटली परत देत. दाराच्या मागे खडूने सुरेशचा फोन नंबर लिहीत. सुरेशने त्यांना शब्द दिला होता की आता ब्रेक मारणार नाही.

एका घरी एक बाई बाटली देईना. छातीशी धरून उभी राहिली. "तुमी चाललंव, फादर. हे पन नेनार. मग आमी काय करायचं?"

"महाडला जायचं."

"पावसात पुलावरना पानी जातंय. गाडी येत नाय. मग कुठं जाव आमी? सांगा."

फादरनी उत्तर बनवलं नाही. "मला माहीत नाही गो बाय," ते म्हणाले. त्या बाईने आपण होऊन बाटली ओतली. परत येताना ते वाटेत थांबले. "मी पळून जातोय का, टीचर? ती म्हणते ते खरं आहे. निदान मी असलो तर जीप तरी असते." मी म्हटलं, तुम्हाला जे योग्य वाटतं ते. असलं उत्तर देण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

शेवटचं घर माझं होतं. ते चहाला आले. चहा पिऊन कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पुलावरची बाटली तुमची होती ना? त्यात अर्धं राहिलं होतं."

"ती मी केव्हाच घासून ठेवली," मी म्हटलं. "फादर, मी विज्ञान शिकवते."

"बरं," ते म्हणाले, आणि उठले.

बाटली स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे होती. माझ्याच फिल्टरचं पाणी, माझ्याच हाताने भरलेलं. पुलावरून आले त्या दिवशी ओतायला गेले आणि हात पुढे झाला नाही. माझी ओवी सात वर्षांची आहे. आमच्या घरामागे भाताचं खाचर आहे. नवरा एमआयडीसीत पाळीला असतो. असू दे, म्हटलं. असली म्हणून काय बिघडतं?

फादर निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, ओवी मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढत होती. "मम्मी! पाय! चावलं!" अशी किंकाळी आली. माझा फोन ओट्यावर होता, हाताच्या अंतरावर. त्यात सुरेशचा नंबर होता. ॲम्ब्युलन्सचा होता. माझा हात फोनवरून पुढे गेला आणि त्याने तांदळाचा डबा बाजूला केला. बाटलीचं झाकण उघडत मी अंगणात पोचले तेव्हा ओवी पाय धरून बसली होती आणि बोटाला एक मोठा मुंगळा लटकत होता.

"मम्मी, पाणी कशाला?" तिने विचारलं.

मी खाली बसून मुंगळा काढला. मग उठून ते पाणी जास्वंदीच्या मुळाशी ओतलं आणि बाटली तीनदा घासली.

दुसऱ्या दिवशी महाडच्या डेपोत आम्ही सगळे त्यांना सोडायला गेलो. मुंबईची गाडी लागली होती. फादर खिडकीशी बसले होते, पायात साधे बूट, गमबूट बाळारामला देऊन टाकलेले. सिस्टर मोनिका त्यांना डबा देत होत्या. त्यांचा चेहरा त्या दिवशी जरा मोकळा दिसत होता. सगळे मागे सरले तेव्हा मी खिडकीच्या दांड्यांपाशी गेले.

"फादर, बाटली माझ्याकडे होती."

"माहीत होतं."

"काल ओतली."

"बरं केलंत." ते हसले. मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "कालच का?"

मी सांगितलं. किंकाळी, फोन, डबा, सगळं. या वेळी काही गाळलं नाही. ते दांडीला धरून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचं हसू गेलं, चेहऱ्यावरचा मोकळेपणा गेला.

"तुम्हीसुद्धा?" ते म्हणाले.

"मीसुद्धा."

"मग मी जातोय ते बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "सांगितलंत ते फार बरं झालं." कंडक्टरने घंटी मारली. गाडी डेपोच्या गेटातून बाहेर वळेपर्यंत फादर सायमन खिडकीतून मागे बघत होते. सगळे हात हलवत होते, ते फक्त माझ्याकडे बघत होते. त्यांना घाबरलेलं मी शेकडो वेळा पाहिलं होतं. मला बघून घाबरलेलं पहिल्यांदाच पाहिलं.